नानाय करनिंगचं चोरलेलं नाव

१

“मी कोण आहे ते तूच सांग बाई,” म्हातारी म्हणाली, “कारण बँक म्हणते, मी मी नाहीच.”

गौदिओसा पानिसालेसने माइक जरा तिच्याकडे सरकवला. इलोइलो शहरात बाजारपेठेतल्या एका बाचॉयच्या, म्हणजे नूडल्सच्या रश्श्याच्या, खानावळीच्या वरच्या मजल्यावर तिचं रेडिओ केंद्र होतं आणि रोज सकाळी तिचा ‘गप्प बसू नका’ हा कार्यक्रम चाले. सगळा दक्षिण किनारा तिला मानांग दिओसा म्हणे. मानांग म्हणजे ताई. आवाज असा, की नगरपालिकेतले कारकून तिचा फोन म्हटला की खुर्ची सोडून उभे राहत.

समोर बसलेली म्हातारी सान तेल्मो गावची. एन्कार्नासिओन नोब्लेसादा. पण गावात ती साऱ्यांचीच नानाय, म्हणजे आई. नानाय करनिंग. उभा जन्म सुईणपण केलेलं. अर्ध्या गावाच्या नाळा तिने कापलेल्या.

“नीट सांग, नानाय. सुरुवातीपासून.”

“दोन बाप्ये आले फाटकाशी. मी मासे वाळत घालत होते. म्हणाले, एन्कार्नासिओन नोब्लेसादा तूच ना? क्रेडिट कार्डाचे दोन लाख पेसो टाक. मी म्हटलं, कसलं कार्ड? तर शेजारपाजार गोळा होईस्तोवर ओरडले, म्हातारी बुडवी आहे, म्हातारीने टीव्ही घेतला, फोन घेतले, सेबूच्या हॉटेलात राहिली. अगं, मी सेबू नकाशातसुद्धा नाही पाहिलं!”

“मग बँकेत गेलीस?”

“गेले तर. खिडकीतली पोरगी म्हणते, तुमचा खुणेचा शब्द सांगा. मी कुठला शब्द दिलाच नाही तर सांगू काय? ती म्हणाली, ओळख पटली नाही, खात्याची माहिती देता येणार नाही. खातेदाराची गोपनीयता असते.” म्हातारीने टेबलावर हात आपटला. “पैसे मागायला मी मीच, आणि तक्रार करायला गेले की मी परकी! हा कुठला न्याय?”

दिओसाची कानशिलं तापली. तिने तिथल्या तिथे, थेट प्रक्षेपणातच, बँकेच्या मदतक्रमांकावर फोन लावला. दोन-तीन जणांनी तो एकमेकांकडे ढकलला आणि शेवटी शाखेचे व्यवस्थापक मिस्टर दिवीना फोनवर आले.

“मॅडम, आमची पद्धत अत्यंत सुरक्षित आहे. ग्राहकाचा ओळखपत्र हातात धरलेला फोटो आमच्याकडे आहे. शिवाय आम्ही फोन करून खात्री केली. ग्राहक स्वतः बोलल्या. ध्वनिमुद्रण आहे. बऱ्याचदा काय होतं, ज्येष्ठ नागरिक घेतात आणि विसरतात.”

“विसरतात?” नानाय ओरडली. “मी कुणाचं पोर पायाळू होतं तेसुद्धा विसरले नाही, मेल्या!”

तेवढ्यात दहाचे ठोके पडले. टिण, टिण, टिण, आणि एक लांब. दिओसाने सवयीने आपलं वाक्य म्हटलं, “दहा वाजले, गप्प बसू नका!” आणि लगेच फोनकडे वळली. “मिस्टर दिवीना, ते ध्वनिमुद्रण आम्हाला ऐकवा. सगळा इलोइलो ऐकतोय, नाही म्हणून दाखवा.”

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. “या आठवड्यात... शाखेत या.”

जाहिराती लागल्या. दिओसाने कानांवरचा हेडफोन काढला आणि पाहिलं तर म्हातारी डोळे पुसत होती.

“अजून एक आहे, मानांग. रेडिओवर सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या रोमुलोने चोर पकडलाय. घरातलाच.”

२

रोमुलो म्हणजे नानायचा मुलगा, दुबईत नोकरीला. त्याने तिथून व्हिडिओ कॉलवर खटला चालवला आणि निकालही दिला. नानायजवळ राहणारी भाची चेरिबेल, हीच चोर. नानायचा फोन तीच हाताळते, नानायची कागदपत्रं तीच सांभाळते, आणि कार्डावर घेतलेल्या तीन फोनांपैकी एकाच्या जातीचा नवाकोरा फोन तिच्या हातात! आणखी पुरावा तो काय हवा? शुक्रवारपर्यंत कबूल हो, नाहीतर शनिवारी पोलिसात तक्रार.

चेरिबेल एका मैत्रिणीच्या खोलीवर बॅगेसकट पडली होती. दिओसा गेली तेव्हा पोरगी जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि घातलेली घडी पुन्हा मोडत होती.

“फोन कुठून आणलास?”

“कोरियन मुलांना इंग्रजी शिकवते, मानांग, संध्याकाळी. त्यातून घेतला. हप्त्यावर. पावती दाखवली, तर रोमुलो दादा म्हणतो, पावती काय, कुणीही छापतं.”

“आणि नानाय काय म्हणाली?”

चेरिबेलने हातातली घडी मोडली. मग हळूच म्हणाली, “वाला.” काही नाही.

तो ‘ल’ ऐकून दिओसाने भुवई उचलली. “तू सान तेल्मोची नाहीस वाटतं?”

“बाकोलोदची. शेजारच्या बेटावरची. इथे दोन वर्षं झाली. नानाय हसते मला. म्हणते, तुम्हा बेटापलीकडच्यांना ‘वारा’ म्हणता येत नाही, जिभेला साखर लागलीय.”

“पुढे काय ठरलंय तुझं?”

“जपानला जायचंय. म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी. सगळं झालंय, फक्त पोलिसांचा दाखला राहिलाय.” तिने मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते, पण लाल. “एकदा तक्रारीत नाव गेलं की दाखला नाही. दाखला नाही तर नोकरी नाही. मानांग, त्या बाईचे पाय रोज रात्री मी तेल लावून चोळत होते. मी चोरीन तिचं नाव?”

दिओसा उठली. आरोपी म्हणून आलेली गोड पोरं तिने पुष्कळ पाहिली होती, आणि त्यातली काही खरोखरच चोर निघाली होती. पण दाराशी जाऊन ती वळली.

“शुक्रवारला दोन दिवस आहेत. बॅग बांधू नकोस.”

३

“ओळखपत्र हातात धरून तुझा फोटो कुणी काढला, नानाय?”

“कुणी नाही काढला ते विचार!” नानाय कॉफीत पुतो, तांदळाचा वाफवलेला केक, बुडवत म्हणाली. खिडकीत रबराने बांधलेला जुना ट्रान्झिस्टर कुरकुरत होता. “फोनचं सिम कार्ड नोंदवायचं, काढा फोटो. तांदूळ आला, काढा फोटो. मेल्यावर शवपेटी हवी, तरी आधी काढा फोटो. कार्ड गालाजवळ धरा, हसू नका. मला तर वाटायचं, तुरुंगातच नेतायत.”

शेवटी तीन नावं निघाली. तिघी बायका. दिओसाच्या मते ते बरंच होतं, कारण बँकेशी बोललेला आवाज बाईचा होता.

पहिली ग्रेसिल्डा. ही अंत्यसंस्काराच्या योजना विकायची. शहरात राहायची, स्कूटरवरून गावोगाव फिरायची. दिओसाला ती नानायच्याच गल्लीत भेटली, गॉगल, लिपस्टिक आणि हातात माहितीपत्रकं.

“फोटो? हो, काढला ना. कंपनीला लागतो. मग काय झालं?” ती चिडली. “मानांग, आमच्या धंद्यात लोक आधीच आम्हाला गिधाडं म्हणतात. आता चोर पण म्हणा.”

“नानायच्या आईचं माहेरचं नाव माहितीय तुला?”

“वाला, मला कशाला माहीत असेल? वारसदाराचं विचारते मी, आईचं नाही. खोटं वाटत असेल तर बॅग तपासा. पण कार्यक्रमात माझं नाव घेतलंत तर खटला भरीन!”

आणि स्कूटर फर्रकन गेली.

दुसरी मानांग फेलिंग. बाजाराच्या जुन्या इमारतीसमोर तिचं झेरॉक्सचं दुकान. फोनची कार्डंही तीच नोंदवून देई. यंत्राच्या डोक्यावर तिचा भलामोठा रेडिओ ठेवलेला असे, सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालू.

“अय्या, मानांग दिओसा! तुझा आवाज रोज इथे, आणि आज तू अख्खी!” फेलिंगने स्टूल पुसून दिलं. पण विषय निघताच तिचा चेहरा पडला. खराब आलेल्या प्रतींचा ढीग कोपऱ्यात होता. पाठकोऱ्या म्हणून त्यातच ती शेंगदाणे बांधून विकायची. दिओसाने एक पुडी उलगडली, तर आतून कुणाचा तरी जन्मदाखला तिच्याकडे बघत होता.

“हे काय, फेलिंग?”

“कागद फुकट का घालवायचा...”

“अगं बये, हा माणूस आहे! याची जन्मतारीख, आईबापांची नावं, सही, सगळं तू शेंगदाण्याबरोबर वाटतेयस!”

फेलिंग रडकुंडीला आली. “मला कुठे माहीत? वारा गं कोणी सांगितलं मला. आणि मी दुकान सोडून कुठे जाते? नवरा गेल्यापासून जेवतेसुद्धा इथेच.”

एवढ्यात तीन वाजले. फेलिंगच्या रेडिओवर तीनची प्रार्थना सुरू झाली. दोघी उठून उभ्या राहिल्या, दिओसाने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली. पहिल्या दोन ओळी झाल्यावर ती रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीचा जिना चढली. खाली बर्फाचा कारखाना, त्याच्या मोटारींनी जिना थरथरत होता. वर ज्येष्ठांच्या संघटनेचं कार्यालय होतं आणि तिथे बसायच्या मॅम ऑरेलिया.

मॅम ऑरेलिया मोंतेरो! सान तेल्मोत पंचेचाळीस वर्षांखालचा माणूस असा नव्हता, ज्याने त्यांच्या हातची पट्टी खाल्ली नाही. निवृत्त मुख्याध्यापिका. आता संघटनेच्या चिटणीस. सवलतीचं कार्ड, औषधाचं पुस्तक, आलेला तांदूळ, सगळं त्यांच्या हातून.

दिओसा आत शिरली तेव्हा संगणकाच्या बाजूला ठेवलेल्या स्पीकरच्या डबीतून तीनची प्रार्थना सुरू होत होती. दिओसाने पुन्हा क्रूसाची खूण केली. मॅमनीही केली, मग आवाज कमी करून प्रसन्न हसल्या.

“बस, इंदाय, बस पोरी. तुझा कार्यक्रम मी चुकवत नाही हं. बिचारी करनिंग! मी परवाच तिला म्हटलं, त्या बाकोलोदच्या पोरीवर इतका विश्वास बरा नव्हे.”

“मॅम, तुम्हीही फोटो काढले होते ना तांदळाच्या वेळी?”

“सगळ्यांचे. आणि कपाटाला कुलूप असतं, किल्ली गळ्यात.” त्यांनी साखळी दाखवली. “आपली माणसं भोळी आहेत गं. मी सारखी ओरडते, कार्ड कुणाला देऊ नका, आकडे कुणाला सांगू नका. ऐकतं कोण? वारा!”

दिओसाला जाताना त्यांनी नारळाच्या पानात उकडलेले चिकट भाताचे गरम इबॉस बांधून दिले. जिना उतरताना तिला काहीतरी खुपत होतं. काय, ते कळेना. फेलिंगच्या बेफिकिरीची चीड असेल म्हणून तिने ते झटकलं.

४

दुसऱ्या दिवशी बँकेच्या थंडगार खोलीत दिवीनासाहेबांनी ध्वनिमुद्रण लावलं. पडद्यावर कॉलची वेळ सेकंदासकट सरकत होती.

बँकेच्या मनिला कार्यालयातल्या कुणा पोराचा आवाज. मग एक थकलेला, खोकत बोलणारा म्हातारा स्वर. तोंडावर कापड धरल्यासारखा. नाव बरोबर सांगितलं, जन्मतारीख बरोबर, आईचं माहेरचं नाव बरोबर.

“हा माझा आवाज नाही!” नानाय उभी राहिली. “ही माझ्या आईचं नाव घेतेय! माझ्या आईचं!”

“मॅडम, सगळी उत्तरं जुळली, म्हणून...”

“गप्प बसा दोघं,” दिओसा म्हणाली. तिने डोळे मिटले होते. उभं आयुष्य कानांवर काढलेली बाई ती. माणसाचा चेहरा विसरायची, पण आवाजामागचा आवाज विसरायची नाही. “पुन्हा लावा.”

मनिलाच्या पोराने विचारलं, आणखी कुठल्या बँकेचं कार्ड आहे का? बाईने तागालोगमध्ये, मनिलाच्या भाषेत, उत्तर द्यायला सुरुवात केली, खोकली, आणि तिच्या तोंडून निसटलं, “वारा.”

दिओसाने डोळे उघडले.

“ऐकलंत? ‘वाला’ नाही, ‘वारा’. दक्षिण किनाऱ्याची बोली. मनिलाच्या पोराला ‘वाला’ कळतं, ‘वारा’ नाही. त्याला फसवायला हा शब्द मुद्दाम कोण कशाला वापरेल? खोकल्याच्या भरात आईच्या दुधाची भाषा बाहेर आली. बाकोलोदची चेरिबेल दोन वर्षांत ‘वारा’ म्हणू शकली नाही. आणि ती शवपेटीवाली, शहरातली, रागात असतानासुद्धा ‘वाला’च म्हणाली.”

नानायने दिओसाचा हात धरला. “म्हणजे माझी पोरगी...”

“तुझी पोरगी नव्हे. तुझ्या गावची बाई. पुढे लावा.”

पुढे बाई पत्ता सांगणार इतक्यात दिवीनासाहेबांनी मुद्रण थांबवलं. पत्ता गोपनीय होता! दिओसाने दात खाल्ले, पण ओरडली नाही. कारण थांबवण्याआधीच्या काही क्षणांत, त्या खोकल्यामागे, अगदी पुसट, तिला काहीतरी ऐकू आलं होतं. टिण, टिण, टिण, आणि एक लांब. मग एक बाईमाणूस: दहा वाजले, गप्प बसू नका!

तो तिचाच आवाज होता. चोर बाई चोरी करताना तिचाच कार्यक्रम ऐकत बसली होती!

 तेवढ्यात तिची नजर पडद्यावर गेली.

पडद्यावरच्या घड्याळात दहा वाजून गेले होते. जवळजवळ पाऊण मिनिट.

५

“तुमचं घड्याळ पुढे असेल,” दिओसा म्हणाली.

“अशक्य,” दिवीनासाहेब दुखावले.

“मग परवा मी तुम्हाला थेट कार्यक्रमातून फोन केला, तो लावा. त्यातही दहाचे ठोके आहेत.”

लावला. ठोके पडले तेव्हा पडद्यावर बरोबर दहा. घड्याळ बरोबर होतं, तिचे ठोकेही बरोबर होते. मग त्या बाईच्या खोलीत दहा उशिरा कसे वाजले?

दिओसाने केंद्राच्या तंत्रज्ञाला, जोबर्टला, फोन लावला. तो तोंडात काहीतरी चघळत म्हणाला, “सोपं आहे, मानांग. मनोऱ्यावरून रेडिओवर जातं ते तत्क्षणी. इंटरनेटवरून जातं ते कुठे कुठे फिरून येतं. अर्धं-पाऊण मिनिट मागेच असतं. ती बाई रेडिओवर नाही, संगणकावर नाहीतर फोनवर ऐकत होती.”

आणि दिओसाला कळलं काल जिन्यावर काय खुपत होतं ते. तिने तीनची प्रार्थना दोनदा ऐकली होती. फेलिंगच्या दुकानात पहिल्या दोन ओळी ऐकून ती रस्ता ओलांडून वर चढली, आणि वर प्रार्थना नुकती सुरू होत होती. एकाच केंद्राची, एकाच दिवसाची. खाली बर्फाच्या कारखान्याच्या मोटारी. तिथे साधा रेडिओ नुसता खरखरणार. म्हणून संगणक.

“नाही,” नानाय पुटपुटली. तिने दिओसाचा चेहरा वाचला होता. “ती नाही. फेलिंग असेल.”

“फेलिंग दुकान सोडत नाही, आणि तिच्या दुकानात रेडिओ वेळेवर वाजतो. दोघींच्याच तोंडी ‘वारा’ आहे, नानाय, आणि उशिरा वाजणारी खोली एकच.” दिओसा व्यवस्थापकाकडे वळली. “मी पत्ता विचारत नाही. मी सांगते. कार्ड सान तेल्मोच्या जुन्या बाजार इमारतीत, वरच्या मजल्यावर गेलं. खोटं असेल तर मला हाकलून द्या.”

दिवीनासाहेबांनी पडद्याकडे पाहिलं.  मग काहीतरी टाइप केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“मॅडम... त्या पत्त्यावर आम्ही एक कार्ड पाठवलेलं नाही.”

“मग?”

“नऊ.” त्यांनी पडदा वळवला. “वेगवेगळ्या नऊ नावांनी.”

नानाय चष्मा नाकावर चढवून नावं वाचू लागली. चौथ्या नावाशी तिचं बोट थांबलं.

“हा फाउस्तो,” ती म्हणाली. “याला तर आम्ही मागच्या ईस्टरला पुरला.”

६

मॅम ऑरेलिया कार्डांना प्लॅस्टिकची वेष्टणं घालत होत्या. दिओसा आणि नानाय आत आल्या तशा त्या हसल्या. जिन्याच्या तळाशी दोन पोलीस उभे होते ते त्यांना दिसले नव्हते.

“मॅम, तुम्ही माझा कार्यक्रम चुकवत नाही म्हणालात,” दिओसा म्हणाली. “खरं आहे. बँकेला नानाय करनिंग बनून फोन करतानाही तो चालूच होता.”

तिने सगळं सांगितलं. वारा, ठोके, प्रार्थना, पत्ता, एकेक करून नऊ नावं. मॅमनी ते वर्गात चुकीचं उत्तर ऐकावं तितक्या शांतपणे ऐकलं. नवव्या नावाशी मात्र त्यांनी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

“रेडिओवर सांगू नकोस,” त्या म्हणाल्या.

एवढंच. चूक झाली नाही, माफ करा नाही. रेडिओवर सांगू नकोस!

“का केलंत?”

“काय केलं मी? कुणाच्या ताटातला घास काढला?” आता आवाजाला धार आली. “या लोकांची नावं नुसती पडून होती. यातलं कोण कधी बँकेची पायरी चढणार होतं? मी यांना अक्षर शिकवलं, यांचे अर्ज भरले, यांच्या सह्या गिरवून घेतल्या. मी नसते तर सरकारदरबारी यांना नावसुद्धा नसतं. फाउस्तो तर मेलाच होता. त्याचं काय गेलं?”

“आणि चेरिबेल?” दिओसा म्हणाली. “तिचं काय जात होतं ते माहीत होतं तुम्हाला. तरी तुम्ही नानायच्या कानात तिच्याविरुद्ध विष ओतलंत.”

“ती बाहेरची आहे. सावरली असती.”

 नानाय टेबलाला धरून पुढे झाली.

“ऑरेलिया, तुझा थोरला आडवा होता. वादळात पूल वाहून गेला म्हणून डॉक्टर आला नाही. मी आले, पोहत. पोर बाहेर काढलं, आणि त्याच्या दाखल्यावर खाली कुणाचं नाव आहे, आठवतं? एन्कार्नासिओन नोब्लेसादा. माझं नाव पडून नव्हतं. या गावातल्या किती पोरांच्या दाखल्यावर ते आहे, मोज. त्या नावाने तू हॉटेलात झोपलीस. त्या नावाला दारात उभं राहून माणसं बुडवी म्हणाली. आणि माझ्या आईचं नाव, जे मी फक्त प्रार्थनेत घेते, ते तू खोकत खोकत विकलंस.”

मॅमनी मान फिरवली. “तू नाटकी आहेस, करनिंग. लहानपणापासून.”

दिओसाने जिन्याकडे तोंड करून पोलिसांना हाक मारली.

७

गावाला राग आला, पण तो अर्धाच मॅमवर होता. उरलेला अर्धा दिओसावर. या वयात बाईला पोलीस गाडीत घालून नेली, रेडिओवर नाव घेतलं, किती शिकवलं होतं बिचारीने! नानायला रविवारी चर्चच्या पायरीवर दोघींनी ऐकवलं, की पैसे काही तुझे गेले नव्हते, मिटवून घ्यायचं होतंस.

“मिटवायला तो माझा डाग होता का?” नानायने तिथल्या तिथे विचारलं.

दिओसाने तो सगळा आठवडा कार्यक्रमात घसा फोडला. ओळखपत्राची प्रत द्याल तर तिच्यावर आडवी रेघ मारून लिहा, ही फक्त अमक्या कामासाठी. बिघडलेली प्रत परत मागा, फाडा. फोनवर आलेले आकडे कुणी विचारले तर सांगू नका, मग तो बँकेचा असो की बिशपचा. न मागितलेलं कार्ड, न केलेली खरेदी दिसली तर त्याच दिवशी ओरडा. आणि शेवटी दर वेळी ती म्हणे, “पण मी तुम्हालाच का दटावतेय? ज्यांनी मेलेल्या माणसाला कार्ड पाठवलं, त्यांना कोण दटावणार?” फेलिंगने शेंगदाण्यांसाठी केळीची पानं आणली.

चेरिबेलला दाखला मिळाला. रोमुलोने दुबईहून फोन केला. पोरीने तो उचलला, शांतपणे ऐकला आणि “बरं, दादा” म्हणून ठेवला. निघायच्या दिवशी नानाय विमानतळावर गेली. दिओसानेच गाडीतून नेली.

“रोमुलो बोलला, आणि मी गप्प बसले,” म्हातारी म्हणाली. “तो बोलला त्यापेक्षा ते वाईट.”

“हो नानाय,” चेरिबेल म्हणाली. “वाईटच होतं.” मग तिने वाकून म्हातारीचा हात आपल्या कपाळाला लावला आणि बॅगेतून तेलाची बाटली काढून तिच्या पिशवीत घातली. “गुडघ्याला लावत जा. कोमट करून.” आणि मागे न बघता आत गेली.

बँकेचं पत्र आलं ते त्यानंतर. ग्राहकाबद्दलच्या सद्भावनेपोटी बँक सदर रक्कम माफ करत आहे.

“माफ?” नानायने पत्र वाचून घेतल्यावर विचारलं. “मी काय गुन्हा केला म्हणून माफ?”

दुसऱ्या दिवशी बँक उघडली तेव्हा ती दारात होती. नंबराची चिठ्ठी घेतली, विणलेला पंखा काढला आणि रांगेतल्या खुर्चीवर बसली. नंबर आला की खिडकीशी जाऊन म्हणे, मी काहीच घेतलं नव्हतं आणि चूक बँकेची होती, असं लिहून द्या. पोरगी म्हणे, तसा नमुना आमच्याकडे नाही. नानाय म्हणे, मग मी बसते. दुपारी डबा उघडून कदियोसचं, म्हणजे तुरीच्या दाण्यांचं, सुके मासे घातलेलं कालवण आणि भात खाल्ला. वातानुकूलित दालनात सुक्या माशाचा वास दरवळला.

तिसऱ्या दिवशी तिच्याशेजारी आणखी तिघं होते, त्या नऊ जणांपैकी. त्यानंतर फाउस्तोची विधवा आली, काळ्या कपड्यांत, नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन. फोटोसाठी तिने वेगळी चिठ्ठी घेतली. आठवडा संपेपर्यंत चांगल्या गिऱ्हाइकांना बसायला जागा उरली नाही.

शेवटी दिवीनासाहेबांनी दिओसाला फोन केला.

“मॅडम, कृपा करा. तुमच्या माणसांना घेऊन जा.”

“माझी माणसं?” दिओसाने माइकचं बटण दाबलं. “अहो, तुमच्याच यादीत लिहिलंय की. ग्राहक आहेत ते तुमचे, सगळे नऊ.”

दुपारी साहेब स्वतः काचेच्या खोलीतून बाहेर आले. नानायसमोर खुर्ची ओढून बसले, बँकेचा कोरा कागद मांडीवर घेतला, पेनचं टोपण काढलं.

“बरं, नानाय. लिहितो. तुम्ही म्हणाल तसं लिहितो. पूर्ण नाव सांगा.”

म्हातारीने पंखा मिटला आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

“आता विचारतोस होय?”

मग तिने नाव सांगितलं, आईच्या नावासकट, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं.